आधी कागद, मग माईक

प्रश्न : ताई, मी बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातली, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. गावच्या गणपतीत आणि कॉलेजच्या गॅदरिंगला मी बोलायला उभी राहिले की लोक पोट धरून हसतात. स्टँडअप, म्हणजे एकटीने माईकसमोर उभं राहून हसवणं, तेच करायचंय, पुढे अभिनय आणि लेखनही. पण पुण्याच्या एका ओपन माईकला, म्हणजे नवख्यांनाही थोडा वेळ मंच देणाऱ्या कार्यक्रमात, आजीचा बसमधला किस्सा सांगितला, तर कुणी हसलंच नाही. माझी बोली आड येते का? प्रमाण मराठीत बोलू का? मजकूर सोबत पाठवतेय.

उत्तर : तुझा मजकूर तीनदा वाचला. बोलीचा त्यात काहीही दोष नाही. पुण्यात कुणी हसलं नाही याचं कारण वेगळं आहे. कर्नाटकात जून 2023 पासून शक्ती योजनेत बायकांना सरकारी बस फुकट झाली, कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट फाडून देतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पुण्याच्या माणसाला ते कुठून कळणार? आजी पैसे पुढे करते, कंडक्टर कन्नडमधून नको नको म्हणतो, यात गंमत काय आहे हेच त्यांना कळलं नाही. गावात ही माहिती लोकांच्या डोक्यात आधीच होती, म्हणून हशा आला. पुण्यात ती आधी एका वाक्यात सांगावी लागेल. एकाच, कारण तू योजनेवर आठ ओळी खर्च केल्यास तर आजी बसमध्ये चढेपर्यंत तुझा वेळ संपतो. ओपन माईकला मिळतात चार-पाच मिनिटं, म्हणजे बोलायला फार तर सहाशे शब्द.

आता शेवट बघ. आजी म्हणते, ‘पैसं घे की बाबा. फुकट बसलो तर खिडकी कशी मागायची?’ हे वाक्य सोन्यासारखं आहे. पण तू त्यापुढे ‘अशी ही माझी आजी, स्वाभिमानी’ असं जोडलंयस. ते काढून टाक. खिडकीवर थांब, लोकांना हसू दे, हशा ओसरायला लागला की पुढचं वाक्य घे. आणि आजीच्या तोंडचं ‘बसलो’ सुधारून ‘बसले’ करू नकोस, आपल्या बायका तसंच बोलतात. प्रत्येक वेळी फोनवर रेकॉर्ड कर, घरी ऐकताना हशा कुठे आला तिथे कागदावर खूण कर. दोन-तीन ठिकाणी बोलूनही जिथे खूण पडत नाही, ती ओळ पुन्हा लिही.

पुण्याला राहायला जायची घाई करू नकोस. कडोली, येळ्ळूर, उचगाव इथली ग्रामीण साहित्य संमेलनं तुझ्या दारात आहेत आणि तिथे कथाकथनाला मांडव भरतो. द. मा. मिरासदार, शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर हे तिघं गावोगाव जाऊन कथा सांगत. घरी नीट लिहून काढलेली कथा लोकांसमोर उभं राहून सांगायची, असं ते काम होतं. सिनेमासाठीही त्यांनी लिहिलं. पु. ल. देशपांडे तर बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवून गेले. लिहिणं, सादर करणं आणि अभिनय, तिन्ही एकाच माणसाने करणं मराठीला नवं नाही. मी स्वतः बेळगावच्या शहापूरची, आज मालिकांचे संवाद लिहिते. पात्रं ऐकायला मी शिकले ते गल्लीतल्या गणपतीच्या नाटकांत प्रॉम्प्टिंग करताना, म्हणजे विंगेतून नटांना विसरलेले संवाद सांगताना. अमुक वाक्याला पुढची रांग का हलली आणि तमुक वाक्याला का नाही, हे विंगेतून फार स्पष्ट दिसतं.

प्रश्न : मुलगा सव्वीस वर्षांचा, इंजिनियर. नोकरी सोडून स्टँडअप करतो. पैसे मिळत नाहीत. आम्ही काय करावं? – एक वडील, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : काका, तुमची काळजी रास्त आहे. ओपन माईकला पैसे मिळत नाहीत, उलट काही ठिकाणी कलाकारालाच फी भरावी लागते. तिकीट लावून लोक यायला लागेपर्यंत वर्षं जातात. मधल्या काळात घर चालतं ते कंपन्यांच्या कार्यक्रमांवर आणि बहुतेकांचं लेखनावर. वरुण ग्रोवर सिव्हिल इंजिनियर. त्यांनी आधी टीव्हीच्या विनोदी कार्यक्रमांसाठी लिहिलं, मग गाणी, मग 2015 साली ‘मसान’ या हिंदी सिनेमाची पटकथा, आणि स्टँडअप आजही चालू आहे. स्टँडअप करणारे वीर दास यांना 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय एमी हा टीव्हीचा मोठा पुरस्कार मिळाला, पण त्याआधी कितीतरी वर्षं ते सिनेमांतून कामं करत होते.

म्हणून मुलाला ‘हे सोड’ म्हणू नका, ‘या महिन्यात काय लिहिलंस, दाखव’ म्हणा. तो दाखवत असेल तर अजून थोडं थांबा. लिहितच नसेल तर मात्र मला खरंच चिंता वाटेल. एक व्यवहाराची गोष्ट : मालिकेच्या लेखनाचे पैसे साधारण नव्वद दिवसांनी हातात येतात, तेवढे दिवस निघतील इतकी शिल्लक बाजूला हवी. लेखी कराराशिवाय आणि श्रेयनामावलीत नाव ठरल्याशिवाय त्याने कुणालाही संहिता देऊ नये. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घेतलं की संहितेची नोंदणी ऑनलाइन होते. नुसत्या कल्पनेला कायद्याचं संरक्षण नसतं, लिहून काढलेल्या मजकुराला असतं. मला हे फार उशिरा कुणीतरी सांगितलं, म्हणून तुम्हाला आत्ताच सांगतेय.

प्रश्न : ऑडिशनचा व्हिडिओ घरी कसा करावा? – निपाणी

उत्तर : मागे साधी भिंत, उजेड समोरून, फोन आडवा आणि डोळ्यांच्या उंचीवर. नाव, वय, उंची सांगा, दोन्ही बाजूंनी चेहरा दाखवा, मग प्रसंग करा. पंखा बंद ठेवा, त्याचा आवाज येतो. कन्नड येत असेल तर तेही सुरुवातीलाच सांगा. दोन्ही भाषा सहज बोलणारा नट शोधताना कास्टिंगवाल्यांची दमछाक होते.