घरपोच स्लीप स्टडीत उतरण्याआधी

अनेक आशीर्वाद.

कोल्हापुरात घरपोच स्लीप स्टडीची, म्हणजे झोपेतला श्वास घरीच तपासायची, सेवा सुरू करायचा तुझा बेत कळला. बाजार वाढतोय का, असं विचारलंस. वाढतोय, आणि ही वाढ खरी आहे. जगात 30 ते 69 वयाच्या सुमारे 93 कोटी 60 लाख लोकांना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असावा, असा अंदाज 2019 मध्ये 'लॅन्सेट रेस्पिरेटरी मेडिसिन'मध्ये आला होता. त्यातल्या बहुतेकांना आपण घोरतो, एवढंच ठाऊक असतं. 2024 मध्ये अमेरिकेत औषधं आणि उपकरणांना मंजुरी देणाऱ्या एफडीएने सॅमसंग आणि अ‍ॅपलच्या घड्याळांतल्या, झोपेत श्वास अडकत असावा असं सांगणाऱ्या सूचनेला परवानगी दिली. म्हणजे "घड्याळ सांगतंय, आता पुढे काय?" असं विचारत माणसं तुझ्याकडे येणार. घड्याळ शंका दाखवतं, निदान करत नाही, हे त्यांना तुलाच सांगावं लागेल.

माझी काळजी वेगळी आहे. किट विकत मिळतं, ते वाचणारा माणूस मिळत नाही.

लॅबमध्ये आपण डोक्यावर टेपने मोजून मेंदूच्या लहरी टिपणारे इलेक्ट्रोड लावतो. तेल न लावता, केस धुऊन या, असं पेशंटला बजावतो ते त्यासाठीच. त्यामुळे माणूस नेमका किती झोपला ते कळतं. घरच्या बहुतेक किटमध्ये मेंदूच्या लहरी नसतात. आता हिशोब कर. रात्रभरात 80 वेळा श्वास अडकला किंवा मंदावला. किट आठ तास चालू होतं, म्हणून रिपोर्टमध्ये एएचआय (तासाला किती वेळा श्वास अडकला किंवा मंदावला तो आकडा) आला 10, म्हणजे सौम्य. पण तो माणूस झोपला होता पाचच तास. खरा आकडा 16, म्हणजे मध्यम. त्याच्या हातात मात्र 'सौम्य' लिहिलेला कागद पडतो आणि तो निर्धास्त होतो. म्हणून लक्षणं ठळक असून घरची टेस्ट नॉर्मल आली, तर पेशंटला लॅबमध्ये पाठवायचंच, त्यात तुझं गिऱ्हाईक गेलं तरी.

ऑटो स्कोअरिंगवर, म्हणजे सॉफ्टवेअरने आपोआप केलेल्या मोजणीवर, विसंबू नकोस. बोटावरचा प्रोब सरकला की ऑक्सिजनची रेघ एकदम खाली येते. नाकातली नळी निघाली की हवेची रेघ सपाट होते. सॉफ्टवेअर यालाही श्वास थांबला असं समजू शकतं. अशा वेळी छाती-पोटाचे बेल्ट बघ. श्वासनलिका वरून बंद झाली असेल तर छाती आणि पोट उलटसुलट हलताना दिसतात. मेंदूकडूनच हुकूम येत नसेल तर दोन्ही रेघा थंड असतात. या दोन्हींचे उपचार सारखे नाहीत. डॉक्टर सही करतील ते तू पुढे ठेवलेल्या रेघा बघूनच, त्यामुळे ही नजर तुझ्याकडे हवीच.

आणखी एक, आणि हे मी कळकळीने सांगतोय. सीपॅप, म्हणजे झोपेत मास्कमधून हवेचा दाब देणारं मशीन, विकणारे तुला येऊन भेटतील: टेस्ट फुकट करा, मशीन गेलं की कमिशन घ्या. नको. ज्याचं पोट मशीन खपण्यावर आहे, त्याच्या हातून 'मशीनची गरज नाही' असा रिपोर्ट सहज निघत नाही. टेस्टचे पैसे टेस्टचेच घे, कमी घे, पण घे. ज्यांना मशीन लागेल त्यांना पहिला महिनाभर फोन मात्र करत राहा. मास्क गळतो, तोंड कोरडं पडतं, आणि मग मशीन कपाटात जाऊन बसतं. तिथे सगळी मेहनत पाण्यात जाते.

निद्रानाशाच्या प्रत्येक पेशंटला किट बांधू नकोस. त्याला आधी सविस्तर विचारपूस लागते. सुरुवात मधुमेहवाल्या आणि कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांकडून कर. भूलतज्ज्ञांनाही भेट, घोरणाऱ्या पेशंटची ऑपरेशनआधी त्यांना धास्ती असते. झोपेत श्वास अडकण्याचा धोका चाचपणारे 'स्टॉप-बँग'चे आठ प्रश्न आणि मान मोजायची टेप कायम जवळ असू दे.

किटचं कोटेशन मागवशील तेव्हा आधी एवढंच विचार: कच्चा डेटा, म्हणजे रात्रभराच्या मूळ रेघा, उघडून हाताने स्कोअर करता येतो का? नुसता छापील रिपोर्टच मिळणार असेल तर ते किट घेऊ नकोस.

तुझा,
काका