ईव्हीची विक्री वाढतेय की घटतेय, आणि बडोद्यात प्लग-इन हायब्रिडसाठी थांबावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर मांजलपूरच्या सोसायटीत, रोजचं येणं-जाणं ४० किलोमीटर, दोन-तीन महिन्यांतून एकदा मुंबई किंवा पुणे. एक बातमी म्हणते इलेक्ट्रिक गाड्यांची मागणी दुप्पट झाली, दुसरी म्हणते लोक हायब्रिडकडे वळले. यातलं खरं काय, आणि प्लग-इन हायब्रिड (पेट्रोलवरही चालणारी आणि सॉकेटला लावून चार्जही करता येणारी गाडी) येईपर्यंत थांबावं का?

शेवटचा प्रश्न आधी निकालात काढू. थांबू नका. आपल्याकडे प्लग-इन हायब्रिड म्हणजे बीएमडब्ल्यू एक्सएम नाहीतर रेंज रोव्हरच्या पंगतीतल्या, कोटीच्या पुढच्या गाड्या. कारण करात आहे. पूर्ण इलेक्ट्रिकवर जीएसटी ५ टक्के. चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडवर ४० टक्के, मग ती सॉकेटला जोडता येवो वा न येवो. शिवाय इंजिनही हवं आणि मोठी बॅटरीही, म्हणजे एका पगारात दोन संसार. चीनमध्ये हे जमलं, कारण तिथे खरेदीकराची सूट प्लग-इनलाही मिळाली आणि बीवायडीसारख्या कंपन्या बॅटऱ्या स्वतःच बनवतात. युरोपचा अनुभव वेगळा आहे. गाडीतच बसवलेल्या इंधनमापकांवरून युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये काढलेल्या आकड्यांत प्लग-इनचं रस्त्यावरचं उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या साडेतीनपट निघालं. गाडी ऑफिसची, पेट्रोलही ऑफिसचं, मग डिकीतली केबल काढतो कोण!

आता बातम्या. दोन्ही खऱ्या असू शकतात, कारण मोजणी वेगवेगळी असते. २०२४ मध्ये जगात १ कोटी ७० लाखांहून जास्त इलेक्ट्रिक गाड्या विकल्या गेल्या म्हणतात, त्यात प्लग-इन धरलेल्या असतात आणि निम्म्याहून अधिक गाड्या एकट्या चीनच्या. त्याच वर्षी नॉर्वेत शंभरातल्या ८९ नव्या गाड्या फक्त बॅटरीवरच्या होत्या, तर जर्मनीत बॅटरी गाड्यांची नोंदणी २७ टक्क्यांनी घसरली. तिथलं अनुदान डिसेंबर २०२३ मध्ये रातोरात बंद झालं होतं. तेव्हा 'जगात मागणी घसरली' असं वाचलं की आधी देश कोणता ते बघा.

भारतात घोळ आणखी वाढतो. २०२४-२५ मध्ये देशात १९ लाखांवर ईव्ही विकल्या गेल्या, पण त्यात साडेअकरा लाखांच्या आसपास दुचाक्या आणि सात लाखांच्या आसपास रिक्षा. मोटारी लाखाच्या जेमतेम वर, म्हणजे एकूण मोटारींच्या अडीच टक्क्यांच्या आसपास. 'हायब्रिड' शब्द तर फारच फसवा. सरकारच्या 'वाहन' नावाच्या नोंदणी पोर्टलवर इंधनाच्या रकान्यात 'स्ट्राँग हायब्रिड' (थोडं अंतर नुसत्या विजेवर जाणारी, पण सॉकेटला न लागणारी गाडी) वेगळं असतं आणि 'पेट्रोल/हायब्रिड' वेगळं. दुसऱ्या रकान्यात मारुतीच्या एर्टिगासारख्या गाड्याही येतात. त्यांतली छोटी बॅटरी इंजिनाला जरासा हातभार लावते, पण नुसत्या विजेवर गाडी हलत नाही. हा रकाना मिळवून 'हायब्रिडची लाट' छापून येते. तुम्ही स्वतः बघा: राज्य गुजरात, आरटीओ बडोदा म्हणजे जीजे-०६, वाहनाचा प्रकार मोटार कार, आणि आडव्या रकान्यात इंधन. पाच मिनिटांचं काम आहे. सियाम या वाहन कंपन्यांच्या संघटनेचे आकडे मात्र कारखान्यातून डीलरकडे गेलेल्या गाड्यांचे असतात. डीलरच्या यार्डात धूळ खात उभी असलेली गाडीही त्यात 'विकलेली' असते.

आणि महिन्याची तुलना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करू नका. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला, म्हणून धनत्रयोदशी १० नोव्हेंबरला पडली आणि ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा पितृपक्षात गेला. २०२४ मध्ये धनत्रयोदशी २९ ऑक्टोबरला होती. ऑक्टोबर २०२४ चे आकडे फुगले आणि नोव्हेंबरचे आपटले, यात गिऱ्हाइकाचं मन कुठेच बदललं नव्हतं. २०२६ मध्येही अधिक ज्येष्ठ असल्यामुळे हाच घोळ होणार. नेहमी सप्टेंबर ते नोव्हेंबर एकत्र धरा.

मग मागणी खरोखर हलते कशाने? माझ्या मते रेंजने कमी, पहिल्या रकमेने जास्त. आपल्या शेजारी हालोलला तयार होणारी एमजी विंडसर सप्टेंबर २०२४ मध्ये आली तेव्हा बॅटरी वेगळी, किलोमीटरला साडेतीन रुपये भाड्याने, आणि गाडी ९ लाख ९९ हजारांना अशी मांडणी होती. पुढचे काही महिने तीच देशात सर्वाधिक विकली जाणारी इलेक्ट्रिक मोटार ठरली. उलट २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा कर २८ टक्के अधिक सेसवरून १८ वर आला आणि ईव्हीची करातली आघाडी जवळपास निम्मी झाली. दहा लाखांच्या आतला गिऱ्हाईक म्हणूनच पुन्हा विचारात पडतो. गुजरातचं वाहनावरचं अनुदान २०२१ च्या धोरणातलं होतं, चार वर्षांचं; ते गृहीत धरू नका. रोड टॅक्स एक टक्का ठेवण्याची घोषणा ३१ मार्च २०२६ पर्यंतची होती. बुकिंगच्या दिवशी काय दर लागतोय ते कोटेशनवर लेखी घ्या.

तुमचं गणित. महिना १,००० किलोमीटर धरू. पेट्रोल गाडी शहरात लिटरला १४ देईल, ९५ रुपयांच्या हिशेबाने ६,८०० रुपये. स्ट्राँग हायब्रिड २२ देईल, ४,३०० रुपये. ईव्हीला चार्जिंगमधली गळती धरून मीटरवर युनिटमागे ६ किलोमीटर पकडा: १६७ युनिट, घरच्या ८ रुपये दराने साधारण १,३५०. हीच गाडी फक्त बाहेरच्या फास्ट चार्जरवर, करासह २२-२५ रुपये युनिटने भरली तर ३,७०० ते ४,२०० रुपयांपर्यंत जाल. मग हायब्रिडपेक्षा वाचतात ते जेमतेम शंभर ते सहाशे, आणि तेवढ्यासाठी चार्जरच्या रांगेत उभं राहायचं. म्हणून जुन्या शहरात, मांडवीच्या पोळांत म्हणजे अरुंद गल्ल्यांत, जिथे गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी राहते, तिथल्या माणसाला मी हायब्रिड सांगेन. तुमच्या पार्किंगला स्वतःच्या मीटरवरून वायर येत असेल तर ईव्ही.

त्या वायरवरच बहुतेकांची फसगत होते. पार्किंगमधला १६ अँपिअरचा सॉकेट दिसला की लोक खूश होतात. मागे वायर कितीची आहे ते कोणी बघत नाही. मीटर-रूमपासून ४० मीटरवर २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर असेल, तर १६ अँपिअरला साडेनऊ व्होल्ट वाटेतच पडतात आणि दीडशे वॉट उष्णता पाइपात मुरते. रात्रभर, मे महिन्यात, बडोद्याच्या उकाड्यात. मिक्सर किंवा गीझर पंधरा मिनिटं चालतो, गाडी दहा तास ओढते. आधी सॉकेटमधली पितळी पट्टी काळी पडते, मग प्लास्टिक वितळतं. साध्या चार्जरला किमान ४ आणि ७.२ किलोवॉटच्या चार्जरला ६ स्क्वेअर एमएम, अंतर जास्त असेल तर १० टाका. ७.२ ला ४० अँपिअरचा एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच), आणि वाटेत एकही सांधा नको.

अर्थिंग दुसरी अडचण. गाडी लावली आणि लाल दिवा लागला की लोक सर्व्हिस सेंटरला फोन करतात, पण बहुतेकदा दोष सोसायटीच्या अर्थ-पिटात, म्हणजे अर्थिंगच्या खड्ड्यात असतो. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये मल्टिमीटर लावा. लोड चालू असताना पाचेक व्होल्टच्या वर दिसलं तर चार्जर नकार देऊ शकतो. इन्व्हर्टरच्या फेजवरून तर चार्जिंग करूच नका. केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार घरच्या चालू जोडणीवरून स्वतःची गाडी चार्ज करता येते. तरी चेअरमनसाहेबांचं पत्र लेखी घ्या, आणि मंजूर भार ३ किलोवॉटच असेल तर वीज कंपनीकडे आधी वाढवून घ्या.

मुंबईसाठी कंपनीच्या रेंजचे ६५ ते ७० टक्केच धरा, एक्सप्रेसवेवर शंभरच्या वर त्याहून कमी. ३० युनिटच्या बॅटरीत ४०० किलोमीटरला दोन थांबे लागतील, ४५ च्या पुढे एकात भागतं. थांबा भरूचच्या पुढे ठेवा.

दर उतरले की जुनी गाडीही उतरते. फेब्रुवारी २०२४ मध्ये टाटा नेक्सॉन ईव्हीची किंमत १ लाख २० हजारांपर्यंत कमी झाली, तेव्हा आदल्या महिन्यात घेतलेल्यांच्या रिसेलमधून तेवढेच गेले. तीन वर्षांत विकायची असेल तर ईव्ही नको. सात-आठ वर्षं वापरणार असाल तर डिसेंबरात जुन्या स्टॉकवर सूट मागा. चासीच्या पट्टीवर उत्पादनाचा महिना वाचा, आणि सहा महिन्यांपेक्षा जास्त उभी असलेली गाडी १२ व्होल्टची बॅटरी बदलून दिल्याशिवाय ताब्यात घेऊ नका.