अँग्लो-सॅक्सन (म्हणजे 1066 च्या नॉर्मन विजयाआधीच्या) राजाशी आजही नातं सांगणारं एखादं गाव इंग्लंडमध्ये आहे का?

आहे की! विल्टशरमधलं माम्सबरी. (स्पेलिंगमध्ये 'ल' आहे, पण बोलताना तो गिळतात. मी पहिल्या दिवशी 'माल्म्सबरी' म्हणालो आणि बस ड्रायव्हर हसला.) मी दोन वर्षं स्विंडनला होतो, तिथून हे गाव जवळच.

राजा म्हणजे अ‍ॅथलस्टन, वेसेक्सच्या आल्फ्रेड राजाचा नातू. 925 मध्ये टेम्सकाठच्या किंग्स्टनला त्याचा राज्याभिषेक झाला आणि 927 मध्ये यॉर्क घेतल्यावर अख्ख्या इंग्लंडचा तो पहिला राजा ठरला. 937 च्या ब्रुननबर्हच्या लढाईत त्याचे दोन चुलतभाऊ पडले, त्यांना त्यानं माम्सबरीच्या मठात पुरलं. 939 मध्ये तो ग्लॉस्टरला वारला, तेव्हा त्यालाही इथेच आणलं. आजोबा नि वडील विंचेस्टरला, हा मात्र इथे.

चर्चमध्ये त्याची कबर दाखवतात. दगडी राजा मुकुट घालून आडवा पडलाय. पण ती पंधराव्या शतकातली आहे आणि आत कोणी नाही. बाराव्या शतकात याच मठातल्या विल्यम नावाच्या इतिहासकारानं मात्र अवशेष स्वतः पाहिल्याचं लिहिलंय: फिकट सोनेरी केस, त्यात गुंफलेल्या सोन्याच्या तारा.

मला कबरीपेक्षा जमिनीची गोष्ट जास्त आवडली. डेन लोकांविरुद्ध (म्हणजे व्हायकिंग हल्लेखोरांविरुद्ध) मदत केली म्हणून राजानं गावकऱ्यांना गावाबाहेरची जमीन इनाम दिली, असं गाव सांगतं. आपल्याकडच्या बऱ्याच इनामांसारखंच इथेही मूळ सनद कुणाच्या हातात नाही. जो कागद दाखवतात तो चौदाव्या शतकातला, आधीचे हक्क कायम करणारा. तेव्हा दंतकथा किती आणि खरं किती, हा वाद घालता येईल. पण ती काहीशे एकर जमीन गावातल्या 'फ्रीमन' (पिढीजात हक्कदार) मंडळींकडे आजही सामायिक आहे. हा हक्क पूर्वापार फ्रीमनच्या मुलाला नाहीतर जावयाला मिळत आला. (जावयाचा मान तिथेही!)

नवा माणूस हक्कदार होतो तेव्हा त्याच्या वाट्याच्या तुकड्यात गवताचं ढेकूळ कापतात. खड्ड्यात तो नाणं टाकतो. मग त्याच्या पाठीवर डहाळीचे तीन फटके बसतात आणि देणारा म्हणतो, अर्थ साधारण असा: 'माती नि काडी देतो तुला, जशी अ‍ॅथलस्टन राजानं दिली मला.'