तीन डोस झाले, साखर हलेना

प्रश्न : टाइप २ मधुमेह आणि वाढलेलं वजन यासाठी मला सेमाग्लुटाइडचं आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन सुरू झालं आहे. ०.२५ मिलिग्रॅमचे तीन डोस झाले, पण साखर फारशी उतरलेली नाही. डोस लवकर वाढवू का? आणि हे संप्रेरक शरीरात बनतंच ना, मग बाहेरून कशाला? ग्लिमेपिराइडची गोळीही चालू आहे.

उत्तर : स्वतःहून वाढवू नका. ०.२५ हा साखर उतरवण्याचा डोस नाहीच, तो पोटाला सवय लावण्यासाठी. चार आठवडे तो, मग ०.५. पुढची वाढ लागलीच तर ती किमान चार आठवड्यांनी. हे औषध जठर रिकामं होण्याचा वेग मंदावतं, म्हणून घाई केली की मळमळ, उलट्या ठरलेल्या. त्यातून शरीरातलं पाणी कमी झालं तर मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. शिवाय औषधाची पातळी निम्म्यावर यायलाच साधारण आठवडा लागतो. जास्त टोचलं गेलं तर त्रास बरेच दिवस राहू शकतो; सोसत बसू नका, लगेच डॉक्टरांना कळवा.

शरीरात जीएलपी-१ हे संप्रेरक बनतं हे खरं; सेमाग्लुटाइड ही त्याचीच नक्कल. अन्न आतड्यात उतरलं की तिथल्या एल-पेशी जीएलपी-१ सोडतात. त्याने इन्सुलिन वाढतं, साखर वाढवणारं ग्लुकागॉन आवरतं, मेंदूला पोट भरल्याचा निरोप जातो. मात्र डीपीपी-४ हे विकर (एन्झाइम) दोनेक मिनिटांत ते निकामी करतं. सेमाग्लुटाइडच्या रेणूत या विकराला दाद न देणारा बदल केलेला असतो आणि मेदाम्लाची एक शेपटी जोडलेली असते. तिच्यामुळे तो रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून टिकतो.

मला खरी काळजी तुमच्या गोळीची वाटते. जीएलपी-१ साखर चढलेली असेल तेव्हाच इन्सुलिनला जोर देतं. ग्लिमेपिराइड साखर कितीही असो, इन्सुलिन काढायला लावतं. दोन्ही एकत्र आली की साखर एकदम खाली जाऊ शकते. ०.५ वर जाण्याआधी गोळी कमी करायची का, हे डॉक्टरांना विचाराच. घाम, थरथर जाणवली आणि मीटरवर ७० पेक्षा कमी दिसलं, तर १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा.

डोस चुकला तर पाच दिवसांच्या आत घ्या. त्याहून उशीर झाला तर तो सोडून ठरलेल्या वारी पुढचा. दुप्पट कधीच नाही. पोटात जोराचं, पाठीकडे जाणारं, न थांबणारं दुखणं उठलं तर पुढचं इंजेक्शन न घेता ताबडतोब रुग्णालय गाठा. स्वादुपिंडाला सूज आलेली असू शकते.