आईबाबांना घेऊन पहिल्यांदाच व्हेनिसला जातोय. हॉटेल मेस्त्रेत (समोरच्या मुख्य भूमीवर) घ्यावं की बेटावर?

(प्रश्न थोडक्यात: पुण्याहून तिघं, ऑक्टोबरचा दुसरा आठवडा, ३ रात्री. आईचे गुडघे दुखतात, घरचे शाकाहारी. ट्रॅव्हल एजंट मेस्त्रेचं हॉटेल सुचवतोय, तेही बरंच स्वस्त.)

मेस्त्रे घेऊ नका. बाकी सगळीकडे काटकसर करा, पण तुमच्या परिस्थितीत मुक्काम बेटावरच हवा.

एजंट सांगेल, मेस्त्रेहून रेल्वेने १०-१२ मिनिटं लागतात. ते खरं आहे, पण ती वेळ फक्त गाडीची. हॉटेल ते स्टेशन, गाडीची वाट, बेटावरच्या सांता लुचिया स्टेशनबाहेर बोटीची रांग आणि मग सान मार्को या मुख्य चौकापर्यंतचा प्रवास धरला की एका बाजूचा पाऊण-एक तास सहज जातो. दुपारी २ वाजता आईंचे पाय बोलायला लागले तर खोलीवर जाऊन तासभर पडायची सोयच उरत नाही. दुसरं म्हणजे सकाळी १० ते संध्याकाळी ५ या वेळात दिवसापुरते आलेले लोक गल्ल्या भरून टाकतात. शहर बघण्यासारखं असतं ते ९ च्या आधी आणि ६ नंतर, आणि मेस्त्रेवाले नेमके त्याच वेळी परतीच्या गाडीत असतात. सगळे तरुण असतील, गाडी भाड्याने घेतलेली असेल किंवा पहाटेची लांबची रेल्वे पकडायची असेल, तर मेस्त्रे ठीक.

आता बेटावर हॉटेल कसं निवडायचं. नकाशावरचं अंतर बघू नका, पूल मोजा. शहरात ४०० हून जास्त पूल आहेत आणि बहुतेक सगळे पायऱ्यांचे. २०० मीटरवरच्या हॉटेलाच्या वाटेत तीन पूल असतील तर दोन बॅगा आणि दुखरे गुडघे घेऊन ती वाट अर्ध्या तासाची होते. बुकिंगच्या आधी हॉटेलला ईमेलवर तीन गोष्टी विचारा: सगळ्यात जवळचा बोटीचा थांबा कोणता, तिथून वाटेत किती पूल, आणि लिफ्ट आहे का. तिसरा प्रश्न विसरू नका. जुन्या इमारतींत लिफ्ट नसते आणि जिने अरुंद नि उभे असतात.

तुमच्यासाठी दोन भाग सुचवतो. पहिला कान्नारेज्जो: सांता लुचिया स्टेशनातून बाहेर पडून डावीकडे लिस्ता दी स्पान्या धरली की गुल्ये पुलापर्यंत एकही पूल चढावा लागत नाही. स्टेशनलगतचा रस्ता गजबजलेला आणि दुकानदारी थाटाचा आहे, पण पायांना सोपा. दुसरा दोर्सोदुरोमधला झाट्टेरे: पाण्याकाठचा रुंद, उन्हाचा रस्ता, बसायला बाक, गर्दी कमी. ऑक्टोबरच्या अखेरीस मॅरेथॉन असते, तिच्यासाठी झाट्टेरेपासून सान मार्कोपर्यंतच्या काठावरच्या पुलांवर तात्पुरते उतार बसवतात. तुम्ही जाल तेव्हा ते लागलेले असतील असं मात्र गृहीत धरू नका. सान मार्को चौकालगतचं हॉटेल मी टाळेन. पैसे सगळ्यात जास्त, शांतता सगळ्यात कमी.

पत्त्याची पद्धत पुणेकरांना पटकन कळेल. शहराचे सहा भाग आहेत आणि घराचा क्रमांक रस्त्याचा नसून अख्ख्या भागाचा असतो, आपल्या पेठांसारखा. 'दोर्सोदुरो १२३४' एवढ्यावरून घर सापडत नाही, आणि एकाच नावाच्या गल्ल्या वेगवेगळ्या भागांत असतात. हॉटेलचा बिंदू फोनच्या नकाशात घरूनच जपून ठेवा. अरुंद गल्लीत जीपीएस शेजारच्या गल्लीत उडी मारतं, तेव्हा भिंतीवरच्या पिवळ्या पाट्या बघा. रियाल्तो, सान मार्को, आकादेमिया, स्टेशन या चार दिशा त्यांवर जागोजागी दिलेल्या असतात.

मुंबईहून थेट विमान नाही. दुबई, दोहा, इस्तंबूल किंवा युरोपातल्या एखाद्या शहरात बदलावं लागतं. तिकीट काढताना विमानतळ मार्को पोलो आहे ना ते बघा. काही स्वस्त कंपन्यांची विमानं त्रेव्हिझोला उतरतात, ते लांब आहे. मार्को पोलोवरून पियाझ्झाले रोमाला बस २०-२५ मिनिटांत सोडते, माणशी साधारण १० युरो. चाकांची वाहनं तिथे संपतात. पुढे व्हापोरेत्तो, म्हणजे सार्वजनिक बोट. विमानतळावरून थेट शहरात येणारी आलीलागुना नावाची बोटही आहे. ती सावकाश येते, महाग आहे आणि शहराच्या बोटींचा पास तिच्यावर चालत नाही. पण तिचा थांबा तुमच्या हॉटेलच्या दारात असेल तर सामानाची चढउतर एकदाच होते, आणि आईंसाठी तेवढ्या जास्तीच्या पैशांचं मी काही म्हणणार नाही. वॉटर टॅक्सी शंभर युरोंच्या बरीच वर जाते.

सामान माणशी एक मध्यम बॅग, एवढंच. ती भरून झाली की घरी जिन्याने दोन मजले उचलून नेऊन बघा. नेता आली नाही तर आणखी कमी करा.

पासचा हिशेब. व्हापोरेत्तोचं एक तिकीट ९.५० युरो, ७५ मिनिटं चालतं. ७२ तासांचा पास ४५ युरो. म्हणजे तीन दिवसांत पाच वेळा बसलात की पास फिटला, आणि गुडघ्यांमुळे तुम्ही त्याहून कितीतरी जास्त बसणार. पास पहिल्यांदा मशिनला लावल्या क्षणापासून मोजला जातो, तारखेप्रमाणे नाही. पहिल्या दिवशी दुपारी ३ ला लावला तर चौथ्या दिवशी दुपारी ३ पर्यंत चालेल. २९ वर्षांपर्यंतच्यांना रोलिंग व्हेनिस नावाचं कार्ड घेऊन हाच पास बराच स्वस्त मिळतो, तुम्ही त्या वयात असाल तर विचारा. आणि प्रत्येक वेळी चढण्याआधी पास मशिनला टेकवायचा. वैध पास खिशात आहे पण टेकवला नाही, यावरही वाद होतो आणि वाद तुम्ही हरता.

नवखे चुकतात ते दिशेत. मोठ्या थांब्यांवर एकाच मार्गाच्या दोन दिशा वेगळ्या तरंगत्या धक्क्यांवरून सुटतात. पाटीवर शेवटचा थांबा वाचा. १ नंबर ग्रँड कॅनॉलमधून, म्हणजे शहरातल्या मुख्य कालव्यातून, जवळपास प्रत्येक थांबा घेत जाते. २ नंबर कमी थांबते, पण तीच बोट उलट्या दिशेने ज्युदेक्का बेटाला वळसा घालूनही सान मार्कोच्या बाजूला जाते, त्यामुळे कॅनॉल बघायला म्हणून चढलेली माणसं भलत्याच पाण्यात पोहोचतात. ४.१ आणि ४.२, ५.१ आणि ५.२ या जोड्या शहराभोवती उलटसुलट फिरतात.

ग्रँड कॅनॉलवर पूल फक्त चार. मध्येच पलीकडे जायचं तर पूल गाठण्यापेक्षा १ नंबरने एक थांबा जा. तिचे थांबे दोन्ही काठांना आलटूनपालटून आहेत आणि पास असल्यावर वेगळे पैसे लागत नाहीत. आईंसाठी ही युक्ती तीन दिवस पुरेल. स्टेशनजवळचा २००८ सालचा काचेच्या पायऱ्यांचा पूल पावसात निसरडा होतो, तो बॅगा घेऊन टाळाच.

दिवसांची आखणी साधी ठेवा. पोहोचलात त्या दिवशी काही 'बघू' नका. जेवून रात्री ८-९ ला पियाझ्झाले रोमावरून १ नंबर पकडा, म्हणजे सुरुवातीचा थांबा असल्याने बसायला जागा मिळेल. सान मार्कोपर्यंत पाऊण तास लागतो. रात्री वाड्यांतले दिवे लागलेले असतात, वरच्या मजल्यांची रंगवलेली छतं बोटीतून दिसतात, आणि आईंना एक पाऊल चालावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ८ ला सान मार्को चौक, मग दोजेंचा (व्हेनिसच्या जुन्या शासकांचा) राजवाडा उघडताक्षणी. राजवाड्याचं तिकीट ३० दिवस आधी ऑनलाइन काढलं तर स्वस्त पडतं. आत जिने पुष्कळ आहेत, लिफ्टबद्दल दारातच विचारा. चौकातल्या बासिलिकाची, म्हणजे मोठ्या चर्चची, वेळही आधी ठरवून घ्या. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडी, सलवार-कमीज उत्तम, बाबांना हाफ पँट नको. पाठीवरची सॅक आत नेता येत नाही. रविवारी सकाळी प्रार्थना असते, पर्यटकांना दुपारनंतर सोडतात. उंचावरून शहर बघायचं तर सान मार्कोच्या मनोऱ्याच्या रांगेत न थांबता २ नंबरने समोरच्या सान जोर्जो माज्जोरे बेटावर जा. तिथल्या मनोऱ्यालाही लिफ्ट आहे, रांग क्वचित असते, आणि सान मार्को स्वतः समोर दिसतो.

तिसऱ्या दिवशी फोंदामेन्ते नोवे थांब्यावरून १२ नंबरने आधी बुरानो बेट (पाऊण तास), मग परत येताना मुरानो बेट. बहुतेक जण उलट करतात आणि बुरानोला भर दुपारच्या गर्दीत पोहोचतात. हॉटेलवाले किंवा रस्त्यावरचे लोक मुरानोची 'फुकट बोट' देऊ करतील. ती काचेच्या दुकानात नेऊन सोडते आणि तिथून न घेता निघणं जड जातं. पास आहे, स्वतः जा.

गोंडोलाचा दर सरकारी आहे: दिवसा ३० मिनिटांचे ९० युरो, संध्याकाळी ७ नंतर ३५ मिनिटांचे ११०. हा दर बोटीचा आहे, माणशी नाही, आणि बोटीत पाच जण बसतात. गाणं वेगळ्या पैशांत. बसण्याआधी मिनिटं आणि रक्कम तोंडी ठरवा. फक्त बसल्याचं समाधान हवं असेल तर रियाल्तो बाजारासमोर सांता सोफियाला ग्रँड कॅनॉल ओलांडून देणारी त्रागेत्तो ही साधी गोंडोला २ युरोंत पलीकडे नेते. पण चढताना ती डुलते, आईंचा हात धरायला दोघं हवेत.

जेवण. इथलं खाणं माशांचं आहे आणि मासे शाकाहारी दिसणाऱ्या पदार्थांत लपलेले असतात. बिगोली इन साल्सा नुसत्या कांद्याच्या रश्शातली शेवई वाटते, त्यात अँचोव्ही हे छोटे मासे असतात. रिसोत्तो (इटालियन भात) भाज्यांचा असला तरी तो शिजवलेलं पाणी मांस-माशांचं असू शकतं. 'सेंझा कार्ने, सेंझा पेशे' (मांस नको, मासे नको) एवढं सांगा आणि अशा शिजवायच्या पाण्याला 'ब्रोदो' म्हणतात हे लक्षात ठेवा. पिझ्झा मारिनारा नावावरून समुद्राचा वाटतो, पण त्यावर फक्त टोमॅटो, लसूण, ओरेगानो, चीजही नाही. पेपेरोनी म्हणजे तिथे ढोबळी मिरची. पार्मिजानो चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने (दूध गोठवणाऱ्या पदार्थाने) बनतं, घरी ते चालत नसेल तर आधीच ठरवा. ताज्या पास्त्यात अंडं असतं, कोरड्यात सहसा नाही. आणि सगळ्या टेबलांवर दिसणारं नारिंगी पेय संत्र्याचा रस नसून स्प्रित्झ हे मद्य आहे, बाबांनी हौसेने मागवण्याआधी सांगून ठेवा. बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी काही युरो येतात, ती फसवणूक नाही, बसण्याचा आकार आहे. कॉफी उभ्याने प्यायली तर स्वस्त, बसून महाग, आणि सान मार्को चौकात वाद्यवृंद वाजत असेल तर त्याचेही पैसे. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, चौकांतल्या कारंज्यांवर बाटल्या भरा. स्वयंपाकघर असलेली खोली मिळाली तर एक वेळचा खिचडी-भात सुटतो, पण डाळ-मसाला पुण्याहून न्या. बांगलादेशी दुकानं आहेत ती मुख्यतः मेस्त्रेला.

पुराची भीती किती धरायची? पाणी चढण्याचा मोसम ऑक्टोबर ते जानेवारी. २०१९ च्या १२ नोव्हेंबरला १८७ सेंमी पाणी आलं होतं. ऑक्टोबर २०२० पासून समुद्राच्या तोंडाशी मोसे नावाचे दरवाजे चालू आहेत, ११० सेंमी किंवा जास्त भरतीचा अंदाज असला की ते उचलतात. हा आकडा रस्त्यावरच्या पाण्याचा नसतो, १८९७ साली ठरवलेल्या शून्यापासून मोजलेला असतो. सान मार्को चौक सखल असल्याने ८०-९० लाच तिथे पाणी दिसू लागतं आणि दरवाजे त्यासाठी उचलत नाहीत. घोटाभर पाणी, दोनेक तासांत ओहोटीबरोबर उतरतं. महापालिकेचा भरतीचा अंदाज आदल्या रात्री बघा आणि सान मार्कोची वेळ त्याप्रमाणे पुढेमागे करा. गमबूट न्यायची गरज नाही.

दिवसापुरत्या पाहुण्यांना प्रवेश शुल्क लागतं, पण आत्तापर्यंत ते एप्रिल ते जुलैमधल्या जाहीर केलेल्या दिवसांनाच लागू झालंय. पालिका हद्दीत मुक्काम करणाऱ्यांना ते माफ असतं, मात्र त्या दिवसांत माफीचा क्यूआर कोड आधी काढावा लागतो. मुक्काम करणाऱ्यांकडून हॉटेल माणशी, रात्रीप्रमाणे वेगळा कर घेतं. तो बुकिंगच्या रकमेत बहुधा नसतो, रोख ठेवा.

व्हिसा शेंगेनचा. इटलीत सगळ्यात जास्त रात्री असतील तरच इटलीकडे अर्ज. रात्री सारख्या असतील तर जिथे पहिल्यांदा उतरता तो देश. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात, विमा ३०,००० युरोंचा लागतो. अपॉइंटमेंट हीच खरी अडचण, म्हणून हॉटेल फुकट रद्द करता येईल असंच घ्या आणि तारीख मिळवण्याच्या मागे आधी लागा.

निघायच्या दिवशी संप नाही ना हे दोन दिवस आधी हॉटेलात विचारा. बोटींचे संप अधूनमधून होतात, आधी जाहीर होतात आणि मोजक्याच फेऱ्या चालू राहतात. पियाझ्झाले रोमावर विमानतळाच्या बसला सकाळी रांग असते, तेव्हा हॉटेलातून विमानतळापर्यंत दीड-पावणेदोन तास धरा, आणि विमान पहाटेचं असेल तर शेवटची एक रात्र मात्र खुशाल मेस्त्रेला काढा.