मी खोटं बोलत नाही, मला आठवतच नाही

निर्वासितांबरोबर काम करताना एक प्रश्न मला पुन्हा पुन्हा ऐकू येतो : "माझं डोकं फिरलंय का?" त्यामागोमाग त्याहून भीतीचा दुसरा येतो : "आश्रयाच्या अर्जाच्या मुलाखतीत तारखा चुकल्या तर मला खोटारडा ठरवतील का?"

हे दोन्ही प्रश्न मला विचारणारे एक गृहस्थ पेशाने शिंपी होते. ओळख पटू नये म्हणून त्यांचे काही तपशील बदलले आहेत. झोप नाही, चिडचिड, दचकणं, विसरणं. मी ते सगळं मानसिक आघातानंतरच्या ताणाच्या खाती टाकलं आणि तीन भेटी त्यातच घालवल्या. चौथ्या भेटीला ते आले नाहीत, तेव्हा त्यांना उपचारच नको असावेत, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं. ही माझी चूक होती.

पाचव्या वेळी पत्नी सोबत आल्या. त्या म्हणाल्या, "हे फीत लावून माप बघतात आणि खडू उचलेपर्यंत आकडा विसरतात. पुन्हा मोजतात, पुन्हा विसरतात. पण शिवायला बसले की हात पूर्वीसारखाच चालतो." मी तेव्हा कुठे विचारलं, "डोक्याला कधी मार लागला होता का? शुद्ध हरपली होती का?" अटकेत असताना डोक्यात बंदुकीचा दस्ता बसला होता. किती वेळ बेशुद्ध होते, ते त्यांनाही माहीत नव्हतं. तोवर त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.

सीटी स्कॅन नॉर्मल आला आणि त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे सगळं मनाचेच खेळ?" नाही. डोक्याला हिसका बसून मेंदूतले तंतू ताणले जातात, ती इजा सीटीत बरेचदा दिसत नाही. आघाताचा ताण आणि मेंदूची इजा एकाच माणसात नांदू शकतात आणि दोन्हींची लक्षणं एकमेकांत मिसळतात. दोहोंवर एकदमच काम करावं लागतं. (डोकेदुखी वाढत गेली, उलट्या झाल्या, फिट आली किंवा एका बाजूची शक्ती गेली, तर समुपदेशकाची वाट न पाहता तडक डॉक्टर गाठावा.)

आणखी एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. आमचा दुभाषी भला माणूस, पण तो त्यांची तुटकी वाक्यं जोडून, नीट करून मला सांगत असे. ते मध्येच धागा सोडत होते, हे माझ्यापर्यंत पोहोचतच नव्हतं. मी त्याला विनंती केली : जसं बोलतील तसंच सांगा, अर्धवट असेल तर अर्धवटच.

मग आम्ही एक छोटी वही केली, त्यांच्याच भाषेत, शब्दांइतकीच चित्रं असलेली. तिची जागा एकच, सदऱ्याचा डावा खिसा. माप घेताना आकडा मोठ्याने म्हणायचा, वहीत उतरवायचा आणि मगच फीत सोडायची. आमच्या केंद्राचा रस्ता पाठ करताना "आठवून बघा" हे शब्द मी बंद केले. अंदाजाने दिलेलं चुकीचं उत्तर अशा मेंदूत पक्कं बसतं, म्हणून आधी बरोबर उत्तर सांगायचं. मग तेच एका मिनिटाने विचारायचं, नंतर दोन, नंतर चार. पत्नीलाही सांगितलं : घरी परीक्षा घेऊ नका, वही दाखवा. दोन महिन्यांनी ते एकटे येऊ लागले. विसरणं थांबलं नाही. विसरल्यावर काय करायचं, ते मात्र हाती आलं.

राहिला मुलाखतीचा प्रश्न. छळाची वैद्यकीय नोंद कशी करावी हे सांगणारा इस्तंबूल प्रोटोकॉल 1999 सालचा. कथनातली विसंगती म्हणजे खोटेपणाच असं नाही, हे त्यात मांडलेलं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाची 1979 ची मार्गदर्शिका मानसिक अडचण असलेल्या अर्जदाराबाबत वैद्यकीय मत घ्यायला आणि चौकशीची रीत बदलायला सांगते. म्हणून वकिलामार्फत वैद्यकीय अहवाल मुलाखतीआधीच दिला आणि मध्ये विश्रांती मागून घेतली. तारीख आठवत नसेल तर ती रचायची नाही, "आठवत नाही" असंच म्हणायचं, हेही आम्ही वहीत लिहिलं.

निकाल अजून आलेला नाही. गेल्या भेटीत दुभाषी नवा होता. मी काही बोलायच्या आत त्यांनी खिशातून वही काढली, एक पान उघडलं आणि त्याला वाचून दाखवलं : "मी अडखळलो तर माझं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका."