करिअर कट्टा : आयआयएमचा शिक्का नसेल तर?

प्रश्न : ताई, मी शिवाजी विद्यापीठातून बी.कॉम. केलं. सीए इंटरचे दोन्ही ग्रुप नुकतेच सुटले. मला इन्व्हेस्टमेंट बँकिंगमध्ये जायचंय. मुंबईतला आतेभाऊ म्हणतो, आयआयएमचा शिक्का नसेल तर तुझा सीव्ही कोणी उघडणारसुद्धा नाही. पुण्यातला एक क्लास सहा महिन्यांत ‘इन्व्हेस्टमेंट बँकर’ करून नोकरी लावून देतो म्हणे. वडील म्हणतात, सीए पूर्ण कर. कॅट, क्लास की सीए?
— एक वाचक, कागल

उत्तर : तुझा आतेभाऊ खोटं बोलत नाहीये, पण त्याने एकच दार पाहिलंय. मी बीकेसीतल्या एका बँकेत बरीच वर्षं होते आणि सीव्ही चाळायचं कामही केलंय, तेव्हा ते कसं चालतं ते सांगते.

डील, म्हणजे कंपन्यांची खरेदी-विक्री किंवा त्यांच्यासाठी भांडवल उभारणी, करणाऱ्या टीम लहान असतात. वर्षाला दोन-तीन नवी पोरं घ्यायची, तर कॅम्पस तरी किती फिरणार? अहमदाबाद, बंगळुरू, कोलकात्याची आयआयएम, आयएसबी, कधी मुंबईचं जमनालाल बजाज, यादी संपली. मग एक्सेल शीट येते, दीड-दोनशे नावांची. ती चाळतो कोण? बहुतेक वेळा त्याच कॅम्पसमधून दोन वर्षांपूर्वी आलेला असोसिएट, रात्री अकराला, उद्या क्लायंटला दाखवायचं सादरीकरण, म्हणजे पिच, अर्धं असताना. बाहेरची मुलं कमी हुशार आहेत असं तो ठरवत नाही. ती कशी आहेत ते पाहायला त्याला वेळच नसतो.

गंमत म्हणजे, कॉलेजने काय शिकवलं हेही कोणी पाहत नाही. समर इंटर्नशिपच्या मुलाखती होतात तेव्हा मुलांना तिथे येऊन काही महिनेच झालेले असतात. बघणार काय? दहावी, बारावी, पदवीचे टक्के. म्हणजे खरी चाळणी प्रवेश परीक्षेनेच लावलेली. बँक ती फुकटात वापरते. आणखी एक कारण उघड बोललं जात नाही. पिचबुकात टीमची ओळख करून देणारं एक पान असतं, त्यात फोटोखाली कॉलेजचं नाव छापलेलं. शेकडो कोटींची कंपनी विकायला निघालेल्या प्रमोटरला ते पान दाखवायचं असतं.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नकोस. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या लॉरेन रिव्हेरा यांनी अमेरिकेतल्या बँका, कन्सल्टिंग कंपन्या आणि लॉ फर्ममधल्या १२० जणांशी बोलून हेच मांडलंय : यादीतल्या विद्यापीठाबाहेरून आलेला अर्ज, आतलं कोणी शब्द टाकणारं नसेल, तर बहुधा न वाचताच बाजूला पडतो.

क्लासबद्दल थोडक्यात. पैसे भरण्याआधी विचार, नोकरी कुठे आणि कोणत्या कामाची? खराडी किंवा गोरेगावच्या ऑफिसात ट्रेड सेटलमेंट, केवायसी, रिकन्सिलिएशन असं उत्तर आलं, तर ते ऑपरेशन्स, म्हणजे व्यवहार झाल्यानंतरची जुळवाजुळव आणि कागदपत्रं. काम इज्जतीचं आहे, पगार वेळेवर येतो. पण तिथून डीलच्या टेबलाकडे जाणारा जिना फार अरुंद आहे. पाटीवर नाव तेवढं बँकेचं.

आता तुझं दार. कंपनी आयपीओ आणते तेव्हा मागच्या तीन वर्षांचे हिशेब सेबीच्या आयसीडीआर (शेअर विक्रीच्या) नियमांप्रमाणे नव्याने मांडावे लागतात. त्यांना रिस्टेटेड फायनान्शियल्स म्हणतात. ते तपासणाऱ्या सीए फर्मकडे आयसीएआयचं, म्हणजे सीएंच्या संस्थेचं, पीअर रिव्ह्यू सर्टिफिकेट लागतं. अशा फर्ममध्ये आर्टिकलशिप, म्हणजे सीएची उमेदवारी, केलीस, तर मर्चंट बँकरच्या, म्हणजे तो आयपीओ बाजारात आणणाऱ्या बँकेच्या, माणसांचे फोन रोज तुझ्याच टेबलावर येतील : हा आकडा त्या पानाशी का जुळत नाही? संध्याकाळपर्यंत कम्फर्ट लेटर (आकड्यांबद्दल ऑडिटरने द्यायचं खात्रीचं पत्र) मिळेल का? तिथे तुझं काम पाहणारा माणूस तुझं कॉलेज विचारत नाही. रिव्हेरांना दिसलेली ‘आतली ओळख’ अशीही तयार होते, मामा-काकांशिवाय. नव्या नियमाने आर्टिकलशिप दोनच वर्षांची आहे, म्हणून फर्म निवडताना स्टायपेंड शेवटी बघ.

बीएसई-एनएसईचे लहान-मध्यम कंपन्यांसाठीचे एसएमई मंच २०१२ पासून सुरू आहेत. तिथल्या इश्यूंवर काम करणारे मर्चंट बँकर लहान असतात, त्यांना नव्या सीएची गरज असते आणि कॅम्पसला जायची ऐपत नसते. पहिली नोकरी तिथे मिळाली तर नाक मुरडू नकोस. फक्त प्रमोटर कोण आहे ते नीट बघ, तिथे गाळही पुष्कळ आहे. सेबीच्या एनआयएसएम या संस्थेची मर्चंट बँकिंगची परीक्षा, सीरिज नऊ, फावल्या वेळात देऊन टाक.

सीएमध्ये शिक्का नसतो असं नाही हं. तिथे तो ‘फर्स्ट अटेम्प्ट’ आणि ‘रँक’ या नावाने येतो. आयसीएआयच्या कॅम्पसमध्ये मोठ्या बँका तेच विचारतात. पण ती परीक्षा कागलच्या पोराच्या हातात आहे. दहावीचे टक्के आता बदलत नाहीत. ते नव्वदच्या पुढे असतील, तर सीए झाल्यावर कॅट जरूर दे. सीए सोडून मात्र नाही. वडिलांचं ऐक, त्यांचं कारण वेगळं असलं तरी.

या आठवड्यात एवढं कर. सेबीच्या वेबसाइटवर ड्राफ्ट ऑफर डॉक्युमेंट, म्हणजे आयपीओच्या माहितीपत्रकांचे मसुदे, असतात. एसएमई कंपन्यांचे एक्स्चेंजच्या साइटवर. फाउंड्री किंवा ऑटो पार्टवाली कंपनी निवड, शिरोली एमआयडीसीमुळे तो धंदा तुला कळतो. ‘जनरल इन्फर्मेशन’ प्रकरणात ऑडिटर फर्मचं नाव, पत्ता, ई-मेल असतो. अशा आठ-दहा फर्मना लिही. ‘मला इन्व्हेस्टमेंट बँकिंगची आवड आहे’ असं लिहू नकोस, ते सगळेच लिहितात. त्यांनीच तपासलेल्या हिशेबातली एखादी टीप वाचून खरोखर पडलेला एक प्रश्न विचार आणि खाली आर्टिकलशिपचा अर्ज जोड.